नसलेल्या माणसाचं माप

१

कपडेपटातले मास्तर एक गोष्ट छातीठोकपणे सांगत, की माणसं हवं तितकं खोटं बोलोत, टेप बोलत नाही. स्टुडिओच्या मागच्या अंगाला पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट खोली होती, तिला सगळे कपडेपट म्हणत. तिथे बसून मास्तरांनी तीस वर्षं राजे, हवालदार, भिकारी आणि भुतं यांना कपडे घातले होते. त्यांच्याकडे मापाची एक जाडजूड वही होती. एका माणसाला एक पान, वर नाव आणि तारीख, खाली चौदा आकडे. जो माणूस समोर उभा राहिला त्यालाच पान मिळायचं. निर्माता येऊन हातापाया पडला तरी मास्तर अंदाजाने माप लिहीत नसत.

त्या वर्षी जो सिनेमा चालू होता त्याच्याविषयी कोणी विचारलं तर मास्तर विषय बदलायचे. गोष्ट जुनीच. एक सज्जन डॉक्टर बाटलीतलं औषध पितो आणि त्याच्यातला दुर्जन बाहेर पडतो. दिग्दर्शकाने तिच्यात सात आंघोळी घातल्या होत्या. दुर्जन बाहेर पडला की तडक एखाद्या न्हाणीघराच्या खिडकीशी जाऊन उभा राहायचा, आणि आत कोणीतरी साबण लावतच असायचं. पोस्टरवर डॉक्टरपेक्षा साबणाचा फेस जास्त दिसत होता.

तरी मास्तर या सिनेमासाठी जिवापाड राबत होते, कारण डॉक्टर होता त्यांचा धाकटा भाऊ. पंधरा वर्षं धाकट्याने मागे उभ्या राहणाऱ्या माणसाची कामं केली होती. खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीची माफी मागेल असा त्याचा स्वभाव. ठरलेला नट ऐन वेळी पळाला आणि हा हाताशी होता, म्हणून त्याची लॉटरी लागली. सज्जन आणि दुर्जन, दोन्ही त्यालाच करायचे होते.

"मास्तर, डोकं लावू नका," घशाची गोळी चघळत दिग्दर्शक म्हणाला. "दुर्जनासाठी डॉक्टरचाच कोट जरा मोठा शिवा आणि आत कापूस कोंबा. झालं काम."

मास्तरांना हे झोंबलं. कापूस कोंबलेला माणूस उशीसारखा दिसतो, माणसासारखा नाही. दिग्दर्शक गेल्यावर त्यांनी वहीचं कोरं पान काढलं, डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा समोर कोणी नसताना माप घ्यायला बसले. छाती शेहेचाळीस. गळा अठरा. डावा खांदा दीड इंच खाली. उजवी बाही पंचवीस, डावी सत्तावीस. पाठीला डावीकडे फुगवटा. आकडे असे भराभरा येत गेले की त्यांची पेन्सिल मागे पडू लागली. पानाच्या डोक्यावर नाव काय लिहावं हे सुचेना, तेव्हा त्यांनी नुसतं 'दुसरा' असं लिहिलं.

कोट तीन दिवसांत तयार झाला. हँगरवर अडकवला तेव्हा तो डाव्या अंगाला कलला आणि तसाच राहिला. इतका अचूक कोट आपण उभ्या जन्मात शिवला नाही, असं मास्तर स्वतःलाच दोनदा मोठ्याने म्हणाले.

२

धाकट्याची छाती शेहेचाळीसची नव्हती हे उघड होतं. मधली जागा भरायला मास्तरांनी कापसाची एक जाड बंडी शिवली. आधी बंडी, वर कोट.

पहिल्या दिवशी धाकटा कोट घालून शूटिंगच्या फ्लोअरवर गेला आणि दिग्दर्शकाच्या तोंडातली गोळी तशीच राहिली. धाकटा खिडकीशी उभा राहिला, एवढंच. पण आतल्या नटीने ठरलेल्या वेळेच्या आधीच किंचाळून टॉवेल ओढला, आणि नंतर ती म्हणाली की तिला खरंच कोणी परका माणूस बघतोय असं वाटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर दाराशी उभे होते. पंधरा वर्षांत आपल्या भावासाठी कोणी टाळी वाजवलेली त्यांनी पाहिली नव्हती, त्यांना भरून आलं.

संध्याकाळी कपडे परत आले. मास्तरांची रीत अशी की आलेला कपडा आधी आतून बघायचा. घाम कुठे आला, अस्तर कुठे ताणलं, यावरून पुढची दुरुस्ती कळते. कोट आतून घामाने चिंब होता. बंडी मात्र कोरडी ठणठणीत होती. कापूस कुठे दबलेलाही नव्हता, सकाळी घडी घालून दिली होती तशीच ती आली होती.

"बंडी घातली नाहीस का रे?" मास्तरांनी विचारलं.

धाकटा चेहरा पुसत होता. "घालायला गेलो दादा, पण कोट बसेना वरून. घट्ट व्हायला लागला. मग काढून टाकली."

"वेडा आहेस का? तुझ्यासारखे दीड मावतील त्यात."

"मग असेल काहीतरी," धाकटा हसून म्हणाला आणि घरी गेला. जाताना त्याचा धक्का लागून स्टूल आडवं झालं. तो थांबला नाही.

३

मास्तर घाबरणाऱ्यांतले नव्हते. घट्ट होतो म्हणजे कापड आटलं असणार, इतकं साधं आहे. त्यांनी कोट टेबलावर पसरला आणि मोजला. छाती शेहेचाळीस. गळा अठरा. डावी बाही सत्तावीस. मग टेपच सैल पडली असेल म्हणून लोखंडी पट्टीला लावून बघितली, तर टेपही चोख. मग स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायचा राहिला, पण त्याच डोळ्यांनी ते चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत. ते समाधान करून घेऊन चहाला गेले.

दोन दिवसांनी त्यांनी धाकट्याला कोट घालून आरशासमोर उभं केलं. दुपारची वेळ होती, पत्रे तापून कटकट वाजत होते. मास्तर पाठीमागे गेले आणि कोटाच्या आत हात सरकवायला लागले. ढगळ कपड्यात हात सहज फिरतो. इथे बोटंसुद्धा शिरेनात. डाव्या खांद्याखाली, जिथे त्यांनी फुगवटा काढला होता, तिथे आत काहीतरी भरीव आणि गरम होतं.

"काय भरलंयस आत?"

मास्तरांनी मान वर करून आरशात पाहिलं. धाकटा त्यांच्याकडे बघत होता आणि त्याला मजा वाटत होती. पंचेचाळीस वर्षांत त्या चेहऱ्यावर मास्तरांनी अशी मजा कधी पाहिली नव्हती.

"मानेत थोडं मोकळं करा, मास्तर," तो म्हणाला.

मास्तरांचा हात तिथल्या तिथे थांबला. अख्खी दुनिया त्यांना मास्तर म्हणायची, पण हा कधीच नाही. आई गेली तेव्हा धाकटा चार वर्षांचा होता. दादा आणि तू, याखेरीज त्याच्या तोंडून दुसरं काही आलं नव्हतं. नट आहे, भूमिकेत शिरला असेल, असं मास्तरांनी मनाला बजावलं. मग मानेत पाव इंच मोकळं करून दिलं, कारण गिऱ्हाइकाने सांगितलं की करायचं, ही तीस वर्षांची सवय.

४

धाकट्याची बायको शाळेत शिकवायची. घर तिच्या पगारावर चालायचं आणि तिने ते नवऱ्याला एकदाही ऐकवलं नव्हतं. मास्तरांना ती फार आवडायची. आठवड्याभराने एका सकाळी ती शाळेत न जाता कपडेपटात आली आणि इस्त्रीच्या टेबलाजवळ उभी राहिली.

"भाऊजी, तो कोट घरी येऊ देऊ नका," ती म्हणाली.

"घरी? कोट रोज माझ्याकडे जमा होतो, पोरी."

"परवापासून ते कोट घालूनच येतात. तुम्ही गेल्यावर निघतात म्हणे इथून."

मास्तरांनी कोटाच्या खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. दोन दिवस त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, याची त्यांना लाज वाटली.

"बोलत नाहीत," ती पुढे म्हणाली. "मी वह्या तपासत बसले की दाराच्या फटीतून बघत उभे राहतात. मी म्हटलं, अहो, आत या ना. तर आत येत नाहीत. नुसता श्वास ऐकू येतो. आणि चालताना एक पाऊल हलकं वाजतं, एक जड. आमच्याकडे तसं कोणी चालत नाही हो, भाऊजी."

"भूमिका डोक्यात बसते कधी कधी. नटांचं असतं असं."

"काल झोपलेले होते. कोट काढावा म्हणून मी बटणं सोडली." तिने दोन्ही हात पदरात घेतले. "सगळी सोडली. पण कोट कुठे संपतो आणि ते कुठे सुरू होतात, ते हाताला लागेना. मग डोळे न उघडताच हसले ते. मी उरलेली रात्र स्वयंपाकघरात काढली."

मास्तरांच्या हाताला आठवडाभर आधीच ते कळलं होतं. भीती त्यांना आता वाटली, आणि तिच्या पाठोपाठ रागही आला. तो कोट त्यांनी स्वतःच्या हाताने शिवला होता आणि त्यात जे कोणी येऊन बसलं होतं त्याचे सगळे आकडे त्यांच्याच अक्षरात होते.

"संध्याकाळी पाच वाजता ये इथे," ते म्हणाले. "तुझा नवरा तुला परत देतो. मी वाढवलंय ना त्याला? मीच कमी करीन."

"नक्की?"

"आजवर माझं एक तरी माप चुकलंय का?"

५

त्या दिवशी सातव्या आंघोळीचं शूटिंग होतं. यात दिग्दर्शकाने कळस केला होता. दुर्जन स्वतःच न्हाणीघरात शिरतो. म्हणजे कोट काढावा लागणार, आणि मास्तरांना तेवढंच हवं होतं.

सेटवर दुधी काचेची भिंत उभी केली होती आणि आत वाफ सोडली होती. धाकटा आत गेला. काचेच्या कडेवरून कोट बाहेर आला, तो मास्तरांनी झेलला. गरम होता आणि वाटला त्यापेक्षा जड. तो काखेत मारून निघणार तोच त्यांची नजर काचेवर गेली.

आत एक आकृती पाठमोरी उभी होती. अंगावर काही नव्हतं. मास्तरांच्या नजरेला सवय पडलेली, माणूस दिसला की माप आपोआप वाचलं जायचं. छाती शेहेचाळीस. डावा खांदा दीड इंच खाली. पाठीला फुगवटा. डावा हात लोंबत होता आणि त्याची बोटं गुडघ्याच्या जरा वर थांबली होती. सत्तावीस, पाव इंच इकडे नाही की तिकडे नाही.

"वा! मेकअप काय झालाय आज!" दिग्दर्शक कुजबुजला.

"मी आज हात लावलेला नाही," मेकअपवाला म्हणाला. "ते म्हणाले गरज नाही."

आकृतीने काचेच्या आतून तळहात टेकवला. काच करकरली. मास्तर पुढचं बघायला थांबले नाहीत.

६

कपडेपटाची कडी आतून लावून त्यांनी कोट टेबलावर टाकला. शॉट संपायला तासभर तरी लागणार होता. त्यांनी मोठी कात्री घेतली. आता त्यांना भीती वाटत नव्हती, कारण हातात काम होतं.

कोट उसवून धाकट्याच्या मापाचा करायचा. पण धाकट्याचं माप काय? मास्तर विचारात पडले. घरच्या माणसाचं माप कोणी लिहून ठेवत नाही. गेली कित्येक वर्षं त्यांनी भावाचे कपडे नजरेनेच बेतले होते, पोट सुटलं तसं कमरेत थोडं सोडत. नुकताच डॉक्टरचा कोट बेतला तोही तसाच, आणि तो या घडीला फ्लोअरवर होता. नजरेवर आज त्यांचा विश्वास नव्हता. नजरेनेच, डोळे मिटून, त्यांनी तो दुसरा आणला होता. आज लिहिलेलंच खरं धरायचं.

त्यांनी वही मागे मागे चाळली. मधे एका जुन्या पानावर धाकट्याचं नाव सापडलं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी त्यांनी त्याला एक कोट शिवून दिला होता, तेव्हाचं पान. छाती छत्तीस, कंबर एकोणतीस. किती काटकुळा होता पोरगा, असं मनात येऊन त्यांना हसू आलं. आता थोडा घट्ट होईल. होऊ दे. घट्ट कपड्याने कोणी मरत नाही, आणि त्या सांडाला जागा ठेवायचीच नव्हती.

खडूच्या रेघा पडल्या. मास्तर जन्मात कधी शिवणीतलं जास्तीचं कापड कापत नसत. आत दुमडून ठेवत, उद्या माणूस जाड झाला तर सोडता येतं म्हणून. आज त्यांनी कापलं. फुगवटा कापला, खांद्याचा उतार कापला, डाव्या बाहीचे दोन इंच कापले, आणि तुकडे बोटाएवढे करून टाकले, म्हणजे ते कधी पुन्हा जोडता येऊ नयेत. मशीन खडखडत राहिली. मग त्यांनी 'दुसरा' लिहिलेलं पान वहीतून फाडलं आणि कोळशाच्या इस्त्रीत घातलं.

शेवटचं बटण लावताना दारावर थाप पडली. त्याआधी बाहेर पावलं वाजली होती, एक हलकं, एक जड.

मास्तरांनी कडी काढली आणि मुद्दाम पाठ फिरवून उभे राहिले. "पडद्यामागे जा," ते म्हणाले. "कोट देतो."

खोलीच्या कोपऱ्यात कपडे बदलायला जाड पडदा लावला होता. पडद्याच्या कड्या सरकल्या. पडद्याबाहेर एक हात आला आणि मास्तरांनी त्याच्यावर कोट ठेवला. हाताकडे त्यांनी पाहिलं नाही.

आत कापड सरकल्याचा आवाज झाला. मग शिवण ताणल्याचा. मास्तर कान देऊन उभे होते. आता एक तर टाका तुटेल नाहीतर अंग. आतून एक हुंकार आला, रागाचा, मग दुसरा, त्यात राग कमी होता. पडदा एकदा पुढे फुगला, जणू कोणी त्यातून बाहेर पडू बघतंय, आणि तसाच थरथरत राहिला. काहीतरी ओलं आणि जड जमिनीवर पडलं असं त्यांना वाटलं, पण पडद्याखाली फक्त दोन पावलं दिसत होती. एकही टाका तुटला नाही. त्या भीतीतही मास्तरांना आपल्या शिवणीचा अभिमान वाटला.

बराच वेळ काही वाजेना. मग आतून कोणीतरी घसा साफ केला.

"दादा," आवाज आला. "बाही अगदी बरोबर आली बघ."

७

मास्तर मटकन स्टुलावर बसले. दादा म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

पडदा सरला. धाकटा बाहेर आला, आरशासमोर उभा राहिला आणि कोटाचं वरचं बटण लावू लागला. कोट कुठेच घट्ट नव्हता. छाती छत्तीस, कंबर एकोणतीस, सुरकुती नाही की चुणी नाही. मास्तर कौतुकाने बघत राहिले, आणि बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की पोट नाही. डोक्यावर दाट काळे केस आहेत. हनुवटीखाली सैल कातडी होती, तीही नाही.

"उद्या मुलाखतीत काय विचारतील रे दादा?" धाकटा म्हणाला. "मला तर आत्ताच घाम फुटलाय."

टेबलाखाली कापडाचे बोटाएवढे तुकडे पडले होते, ते पायाने एकत्र करायचा मास्तरांनी प्रयत्न केला.

बरोबर पाच वाजता दार ढकलून भावजय आत आली. तिने धाकट्याला पाहिलं, आणि आधी तिचा चेहरा फुलला. नंतर तिने पुन्हा नीट पाहिलं.

धाकटा तिला बघून घाईघाईने बाजूला झाला. तसं करताना त्याचा पाय खुर्चीला लागला आणि तो खुर्चीला "सॉरी" म्हणाला. मग त्याने तीच खुर्ची पुसून तिच्यापुढे केली.

"दादा, गिऱ्हाईक आलंय," तो हळूच म्हणाला. "बसा ना, ताई."

ती बसली नाही. तिने मास्तरांकडे पाहिलं आणि मास्तरांनी मान खाली घातली. बाहेर फ्लोअरवर दिग्दर्शक कोणाच्या तरी नावाने शंख करत होता.

"पोरी," मास्तर शेवटी म्हणाले. टेप त्यांनी गळ्यातून काढली होती. "त्याचं माप हवंय. आत्ताचं. परवापरवापर्यंत होतं ते. मी लिहून ठेवलं नाही. तुला आठवतं?"

"मी कधी मोजलं नाही, भाऊजी."

"कसंही सांग. अंदाजाने सांग."

मग तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढे करून कोणाला तरी मिठीत घ्यावं तसे गोल धरले.

"एवढं," ती म्हणाली.

तरुण माणूस अवघडून दुसरीकडे बघू लागला. मास्तर उठले आणि त्यांनी तिच्या हातांच्या मधल्या रिकाम्या जागेभोवती टेप धरली. त्यांनी डोळे पुसले, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. पण तिचे हात थरथरत होते आणि आकडा काही एका जागी थांबेना.